दहाचे नाणे पाचाहून लहान

अमेरिकेच्या चलनातील दहा सेंटचे नाणे पाच सेंटच्या नाण्यापेक्षा लहान, पातळ आणि हलके असते. एक सेंटच्या नाण्याशेजारी ठेवले तर त्याहूनही ते लहानच भरते. त्याच्यावर दहाचा आकडा कोठेही नाही. ‘वन डाइम’ एवढे दोन शब्द आहेत, आणि डाइम म्हणजे किती हे ज्याला आधीपासून ठाऊक आहे त्यालाच त्यांचा उपयोग. पाच सेंटच्या नाण्यावर ‘फाइव्ह सेंट्स’ असे अक्षरांत लिहिलेले असते, पण लोक त्याला निकेल म्हणतात आणि तो शब्द नाण्यावर नसतो. पंचवीस सेंटच्या नाण्यावर ‘क्वार्टर डॉलर’ असते. चाराने भागण्याचे काम ज्याने त्याने मनात करायचे. रोजच्या वापरातील या चार नाण्यांपैकी एकावरही किमतीचा आकडा नाही, आणि जो आकडा चटकन डोळ्यांत भरतो तो सालाचा असतो. आपल्याकडे अक्षरओळख नसलेली व्यक्तीसुद्धा नाण्यावरचा दोनाचा किंवा पाचाचा आकडा पाहून बाजार करून येते. येथे चांगले शिकलेसवरलेले लोक तळहातावर चिल्लर पसरून उभे राहतात आणि दुकानदाराला म्हणतात, तुम्हीच घ्या यातले काय हवे ते.

न्यू जर्सीतील आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात प्रौढांसाठी इंग्रजीचा विनामूल्य वर्ग चालतो आणि त्यातील अगदी पहिल्या पातळीला मी काही वर्षांपासून स्वयंसेवक म्हणून शिकवते. नाणी आणि नोटा हा धडा त्या पातळीवर फार लवकर येतो. अमेरिकेतील प्रौढ शिक्षणात सर्रास वापरल्या जाणाऱ्या ‘कॅसास’ चाचणीच्या कौशल्यसूचीत नाणी-नोटा मोजणे, त्यांची मोड करणे आणि त्या वापरणे हे स्वतंत्र कलम आहे, त्यामुळे पाठ्यपुस्तकांतही तो धडा असतोच. वर्गाबाहेरच्या ओळखीच्या मंडळींना मात्र याचे हसू येते. मोठ्या माणसांना नाणी काय ओळखायला शिकवायची, असे मला अनेकांनी विचारले आहे. हा बालवर्गातला विषय आहे अशी त्यांची समजूत असते, आणि खेदाची गोष्ट ही की पुष्कळशी पाठ्यपुस्तकेही त्याच समजुतीने लिहिलेली असतात: डुकराच्या आकाराचा गल्ला, फुगेवाला, आइस्क्रीम विकत घेणारी मुलगी.

माझ्यासमोर बसणाऱ्यांपैकी एक गृहस्थ इक्वाडोरमध्ये लोखंडी सामानाचे दुकान चालवत होते. हैतीच्या एका बाईंचे अर्धे आयुष्य बाजारात बसून तांदूळ आणि कडधान्ये विकण्यात गेले. कैरोहून आलेले एक वयस्क गृहस्थ तिकडे हिशेबनीस होते. या मंडळींना पैसा म्हणजे काय हे शिकवायला जाणे हा उद्धटपणा होईल. गावी पैसे पाठवताना कोणते दुकान किती कमिशन कापते आणि कोणत्या दिवशी दर बरा मिळतो, हे त्यांना माझ्यापेक्षा कितीतरी अचूक ठाऊक असते. अडचण त्यांच्या बुद्धीत किंवा अनुभवात नाही, ती नाण्यांत आहे. ज्यांचे बालपण हीच नाणी खिशात खुळखुळवत गेले अशांसाठी हे चलन घडवलेले आहे, आणि बाहेरून आलेल्याने ते ओळखायचे कसे, याचा विचार घडवणाऱ्यांना करावासा वाटलेला नाही. एवढे एकदा स्पष्टपणे सांगून टाकले की वर्गातील माणसांचे खांदे थोडे सैल होतात, असा माझा अनुभव आहे.

हा धडा छापील कागदावरून शिकवता येत नाही, या मतावर मी आता ठाम आहे. झेरॉक्स काढली की पेनीचा, म्हणजे एक सेंटच्या नाण्याचा, तांबूस रंग नाहीसा होतो, आणि या चार नाण्यांत रंगाचा फरक असतो तो तेवढाच. चित्रांतले आकारही प्रमाणात असतीलच असे नाही. सर्व नाणी चौकटीत नीट बसावीत म्हणून चित्रकाराने डाइम फुगवलेले असते, म्हणजे नेमकी जी गोष्ट शिकवायची तीच चित्र लपवते. प्लास्टिकच्या नाण्यांना वजन नसते. त्यामुळे मी बँकेतून कागदात गुंडाळलेल्या खऱ्या नाण्यांच्या चार गुंडाळ्या आणते: चाळीस क्वार्टर, पन्नास डाइम, चाळीस निकेल आणि पन्नास पेनी, मिळून साडेसतरा डॉलर. मोठ्या टेबलावर त्या फोडल्या की पहिली काही मिनिटे मी कोणताही इंग्रजी शब्द शिकवत नाही. फक्त हाताळायला सांगते. अंगठ्याचे नख कडेवरून फिरवले तर डाइम आणि क्वार्टर यांच्या कडा खरखरीत लागतात, पेनी आणि निकेल यांच्या गुळगुळीत. मग एकेक नाणे कापडी पिशवीत घालून न बघता ओळखायचे. डोळ्यांनी घोटाळा होणारी माणसेसुद्धा बोटांनी भराभर ओळखू लागतात. धान्य विकणाऱ्या बाई तर पिशवीत हात घालण्याआधीच नाण्यांच्या आवाजावरून हसू लागल्या होत्या.

साताऱ्याच्या एक काकू काही महिने या वर्गात होत्या. मुलाकडे कायमच्या राहायला आलेल्या, पंचाहत्तरीच्या, आणि वर्गात मराठी बोलणारी मी एकटीच असल्याने कुजबुजत का होईना सगळ्या शंका मला मराठीतून विचारणाऱ्या. त्यांनी एका तळहातावर डाइम आणि दुसऱ्यावर निकेल घेऊन दोन्ही हात थोडे खालीवर केले आणि म्हणाल्या, “अगं, एवढंसं नाणं, नि पाचाच्यापेक्षा महाग? चांदीचं असणार.” मी म्हटले, “होतं काकू, १९६४ पर्यंत.” त्यांना याचे काही आश्चर्य वाटले नाही. त्यांच्या आजीच्या डब्यात चांदीच्या पावल्या होत्या आणि त्याच डब्यात तांब्याचे भलेमोठे ढबू पैसे होते. थोराड ते स्वस्त आणि नाजूक ते मोलाचे, हा नियम त्यांच्या हाडीमाशी मुरलेला होता.

काकूंनी तळहातावर जे ताडले तेच या सगळ्या विचित्र आकारांचे खरे कारण आहे. डाइम, क्वार्टर आणि अर्धा डॉलर ही चांदीच्या नाण्यांची एकाच घराण्यातली भावंडे आहेत. जुन्या काळी नाण्याची किंमत त्यातल्या धातूवरून ठरायची, त्यामुळे जितके सेंट तितक्या प्रमाणात चांदी. १९६५ च्या कायद्याने डाइम आणि क्वार्टर यांतील चांदी काढून टाकण्यात आली, तांबे आणि निकेल यांचे थर आले, पण वजनांचे परस्परांशी असलेले प्रमाण तसेच राहिले. आजही डाइमचे वजन २.२६८ ग्रॅम आणि क्वार्टरचे ५.६७ ग्रॅम आहे. एक डॉलरचे दहा डाइम एका पारड्यात आणि एक डॉलरचे चार क्वार्टर दुसऱ्या पारड्यात घातले तर तराजू समतोल राहतो, दोन्हीकडे २२.६८ ग्रॅम. पाच सेंटचे नाणे मात्र या घराण्यातले नाही. पूर्वी चांदीचे अर्धे डाइम असायचे, डाइमहूनही चिमुकले. यादवी युद्धाच्या काळात लोकांनी चांदीची नाणी दडवून ठेवली, सुट्ट्या पैशांची चणचण झाली, आणि १८६६ मध्ये स्वस्त धातूचे, ऐसपैस, बरोबर पाच ग्रॅमचे नवे नाणे काढण्यात आले. चांदीचे अर्धे डाइम १८७३ नंतर बंद झाले आणि हे नवे नाणे उरले. हा इतिहास मी पहिल्या पातळीच्या इंग्रजीत सांगू शकत नाही, परंतु “ओल्ड, सिल्व्हर, स्मॉल” आणि “न्यू, नो सिल्व्हर, बिग” एवढे शब्द आणि दोन हातांतली दोन नाणी पुरतात. कारण कळले की डाइम पाठ करावे लागत नाही.

इक्वाडोरच्या गृहस्थांची गोष्ट निराळी होती. त्यांच्या देशाने २००० साली स्वतःचे चलन सोडून अमेरिकी डॉलर स्वीकारला. तेथे सुटी नाणी इक्वाडोरची स्वतःचीही आहेत, पण ती मापाला अमेरिकी नाण्यांसारखीच आणि दोन्ही एकत्र चालतात. त्यामुळे पिशवीच्या खेळात ते सगळ्यांच्या पुढे असायचे. त्यांच्याकडे नव्हती ती फक्त नावे. गंमत म्हणजे त्यांच्या सर्वाधिक परिचयाचे नाणे मी टेबलावर ठेवलेच नव्हते. एक डॉलरचे सोनेरी नाणे, ज्यावर साकाजवीया या आदिवासी स्त्रीचे चित्र आहे, अमेरिकेतही २००० सालीच निघाले. येथील लोकांनी कागदी डॉलर सोडला नाही आणि नाणे तिजोऱ्यांत पडून राहिले. इक्वाडोरमध्ये मात्र ते रोजच्या बाजारात चालते. या गृहस्थांनी येथे एका दुकानात ते दिले तेव्हा गल्ल्यावरच्या तरुणाने ते उलटसुलट करून पाहिले आणि आतल्या माणसाला विचारायला गेला. अमेरिकेचे नाणे अमेरिकी माणसाला ओळखता आले नाही, हे त्यांनी वर्गात मोठ्या समाधानाने सांगितले, आणि त्यासाठी भूतकाळी क्रियापदेही बरोबर वापरली.

हैतीच्या बाईंना नाणी लवकर उमगली, घोटाळा व्हायचा तो ‘डॉलर’ या शब्दाशी. हैतीचे चलन गूर्द. १९१२ साली पाच गूर्द म्हणजे एक अमेरिकी डॉलर असा दर बांधण्यात आला आणि तो १९८९ पर्यंत टिकला. त्यामुळे पाच गूर्दांना लोक सरळ ‘डॉलर’ म्हणू लागले, आणि दर केव्हाच कोसळला तरी बाजारातला भाव अजूनही या कागदावर नसलेल्या ‘हैती डॉलर’मध्ये सांगितला जातो. वीस डॉलर ऐकले की या बाईंच्या मनात आधी शंभर गूर्द उभे राहत आणि मग त्या ते पुसून टाकत. मला हे समजायला अजिबात वेळ लागला नाही, कारण १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर पैसे झाल्यावरही आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चार आणे आणि बारा आणे चालूच राहिले. सोळा आण्यांचा रुपया न पाहिलेली माणसेही आणे बोलत होती.

नोटांचा धडा दिसायला सोपा आहे, कारण नोटांवर आकडे आहेत. तरीही त्यात एक खोच आहे. एक डॉलरपासून शंभर डॉलरपर्यंत सातही नोटांची लांबी-रुंदी एकच, साधारण १५६ बाय ६६ मिलिमीटर, आणि दुरून पाहता सगळ्या हिरवट-करड्या. २००३ पासून वीस, पन्नास, दहा, पाच आणि शेवटी २०१३ मध्ये शंभर अशा क्रमाने त्यांत फिकट रंग भरले गेले. पाचाच्या नोटेच्या मागे मोठा जांभळा पाच आला. एक डॉलरची नोट मात्र १९६३ पासून जशीच्या तशी आहे. ज्याला दिसत नाही त्याने काय करायचे, हा प्रश्न अंध व्यक्तींच्या संघटनेने न्यायालयात नेला आणि २००८ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने सरकारविरुद्ध निकाल दिला. त्यानंतर काही वर्षांनी सरकार नोट वाचून दाखवणारे छोटे यंत्र अंध व्यक्तींना विनामूल्य देऊ लागले. आपल्या नोटा या बाबतीत अधिक विचारी आहेत असे मी अभिमानाने म्हणणार होते, परंतु शंभर, दोनशे आणि पाचशेच्या नव्या नोटांच्या लांबीत केवळ चार-चार मिलिमीटरचा फरक आहे, आणि त्या व नवी नाणी ओळखता येत नाहीत म्हणून मुंबईच्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड या संस्थेला उच्च न्यायालयात जावे लागले होते. २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने फोनवरून नोट ओळखणारे ‘मनी’ हे ॲप काढले. तेव्हा अभिमान आवरता घेतलेला बरा.

नोटांच्या तासाला सर्वांत जास्त प्रश्न येतात ते जुन्या नोटांविषयी. लहान चौकटीतल्या छोट्या चेहऱ्याची जुनी वीसची नोट हातात पडली की ती खोटी किंवा बाद झालेली असणार, असे बहुतेकांना वाटते. अमेरिकेने १८६१ पासून काढलेली प्रत्येक नोट आजही कायदेशीर चलन आहे, हे सांगितल्यावर काकूंनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती नजर ८ नोव्हेंबर २०१६ नंतर बँकेच्या रांगेत उभ्या राहिलेल्या कोणाही माणसाला ओळखू येईल. दुसरा प्रश्न अपमानाचा असतो. पन्नास किंवा शंभराची नोट दिली की गल्ल्यावरचा माणूस ती उजेडाकडे धरतो, तिच्यावर एका पेनाने रेघ ओढतो. आपल्या कातडीचा रंग पाहून तो असे करतो का, असे मला कैरोच्या गृहस्थांनी अतिशय सभ्यपणे विचारले. त्या पेनात आयोडीन असते, साध्या कागदातल्या खळीवर ते काळे उमटते आणि नोटेच्या कापूस-लिननच्या कागदावर उमटत नाही, हे मी समजावले. सगळ्यांच्याच नोटांवर रेघ ओढतात का, या त्यांच्या पुढच्या प्रश्नाला माझ्याकडे रसायनशास्त्राचे उत्तर नव्हते.

आता गल्ल्यासमोरचा प्रसंग. शॅम्पूच्या बाटलीखाली ५.९९ ची पाटी आहे. गल्ल्यावरची मुलगी म्हणते, “सिक्स थर्टी-नाइन.” डॉलर हा शब्द नाही, सेंट हा शब्द नाही, आणि पाटीवर वाचलेला आकडाही नाही, कारण न्यू जर्सीचा ६.६२५ टक्के विक्रीकर पाटीत धरलेला नसतो. अन्नधान्यावर आणि कपड्यांवर तो साधारणपणे नाही, शॅम्पूवर आहे. म्हणजे बेरजेचा अंदाज बांधणेही अवघड. वर अंक ऐकण्याचा क्रम. मराठीत आपण त्रेसष्ट म्हणताना तीन आधी आणि साठ नंतर सांगतो, अरबीतही तसेच. त्यामुळे काकू आणि कैरोचे गृहस्थ दोघेही ‘थर्टी-नाइन’ ऐकून क्षणभर थांबायचे, तेवढ्यात मागच्या माणसाने आपली ढकलगाडी थोडी पुढे सरकवलेली असे. या घाईत माणूस एकच करतो: सर्वांत मोठी नोट काढून देतो आणि मिळतील ती नाणी न मोजता खिशात टाकतो. नव्याने आलेल्या लोकांच्या घरी बरण्या भरभरून चिल्लर साठते, ती काटकसरीने नव्हे, संकोचाने साठते.

म्हणून नाण्यांची नावे आली की माझा धडा संपत नाही, खरा तेथून सुरू होतो. आम्ही टेबलाचा गल्ला करतो आणि उरलेले पैसे मोजून परत देण्याची जुनी दुकानदारी पद्धत घोटतो, जिच्यात वजाबाकी नसते. सहा एकोणचाळीसचे दहा दिले: एक पेनी ठेवायची, सहा चाळीस, एक डाइम, सहा पन्नास, दोन क्वार्टर, सात, मग एकेक डॉलरच्या तीन नोटा, आठ, नऊ, दहा. यंत्राने आकडा दाखवल्यामुळे आजकालची गल्ल्यावरची मुले असे मोजत नाहीत, मूठभर पैसे पावतीसकट हातात कोंबतात; पण घेणाऱ्याने तळहातावर तसे मोजून पाहिले तर त्याला कोणी अडवत नाही. ‘वन मोमेंट, प्लीज’ म्हणायचे, बाजूला न सरकता मोजायचे, आणि चुकले असेल तर ‘एक्सक्यूज मी, आय गेव्ह यू अ ट्वेंटी’ हे वाक्य शांतपणे म्हणायचे. या दोन वाक्यांचा सराव मी डाइम-निकेलच्या सरावाहून जास्त वेळ घेते. इक्वाडोरचे दुकानदार रांगेतला कंटाळलेला माणूस होतात, उसासे टाकतात, घड्याळ पाहतात, आणि हिशेबनीस काका जागचे हलत नाहीत. काकूंची पद्धत तर आणखी पुढची होती. त्या दहाच्या नोटेबरोबर वरचे एकोणचाळीस सेंटही मोजून द्यायच्या, म्हणजे चार डॉलर बंदे परत यावेत. सुट्ट्यांची ओढाताण असलेल्या देशात जन्म काढलेल्या माणसाची ही सवय. येथील मुलगी मात्र जास्तीचे सेंट पाहून गोंधळायची आणि ते परत करू लागायची.

कार्डाच्या आणि फोनच्या काळात हे सगळे कशाला, असे विचारणाऱ्यांनी एकदा कपडे धुण्याच्या सार्वजनिक दुकानात जाऊन पाहावे. वर्गातल्या अर्ध्याहून अधिक लोकांच्या घरी धुलाई यंत्र नाही, आणि अशा दुकानांतली पुष्कळ यंत्रे अजूनही क्वार्टर मागतात. ज्यांना मजुरी रोख मिळते त्यांना ती मालकासमोर मोजता आली पाहिजे. ज्यांचे बँकेत खाते नाही अशी माणसे आहेत. आणि जो रोखीत व्यवहार करतो तो सहसा असा असतो की ज्याला वीसच्या जागी दहा परत आलेले परवडत नाहीत.

मध्यंतरी या धड्यातले एक पान मात्र जुने झाले. १२ नोव्हेंबर २०२५ रोजी फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत चलनासाठीची शेवटची पेनी पाडण्यात आली. १७९३ पासून चालत आलेले हे नाणे घडवायला २०२४ च्या आर्थिक वर्षात ३.६९ सेंट लागत होते. (निकेलला १३.७८ सेंट लागत होते, पण त्याच्याविषयी सध्या कोणी बोलत नाही.) जुन्या पेनी चालूच राहणार आहेत, तरी काही दुकानांनी रोख व्यवहार पाचाच्या पटीत करायला सुरुवात केली. वर्गात यावर जो वाद झाला तो मी ठरवून घडवता आला नसता. धान्य विकणाऱ्या बाईंचे म्हणणे असे की पाटी दुकानदार लिहितो, त्यामुळे सहा एकोणचाळीसचे सहा चाळीसच होणार, सहा पस्तीस कधीच होणार नाहीत. लोखंडवाल्या गृहस्थांनी स्वतःचा दुकानाचा अनुभव पुढे केला: गिऱ्हाईक चार वस्तू घेते, त्यात काहींवर कर असतो, काहींवर नसतो, मग शेवटचा आकडा कोणाच्याच हातात राहत नाही. बाई म्हणाल्या, माझे गिऱ्हाईक एकच वस्तू घेते, कारण त्याच्याकडे एकाच वस्तूचे पैसे असतात. यावर गृहस्थ गप्प झाले. त्यांना इंग्रजी सुचेना की उत्तर सुचेना, हे कळायला मार्ग नव्हता.

पुढच्या सत्राच्या कागदांतून पेनीचे पान मी काढलेले नाही. पाट्या अजून नव्याण्णव सेंटवरच संपतात आणि कार्डाने देणाऱ्याच्या खात्यातून शेवटचा सेंटही वजा होतोच. फक्त त्या पानाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पाचाच्या पटीत आकडा करण्याची उदाहरणे छापून घेतली आहेत, आणि ती बाईंच्या सांगण्यावरून सगळी एकाच वस्तूच्या खरेदीची आहेत.